माळवदावरची माती

जावा जावा आणि उभा दावा, असं म्हणतात. म्हसवडच्या साळूबाईचा दावा मात्र उभा नव्हता, आडवा होता. तो घराच्या माळवदावर पसरलेला होता आणि पाऊस आला की वाहायचा.

त्या भागात पाऊस बेताचा, म्हणून घरांना कौलं नसतात. भिंतीवर जाड तुळई टाकायची, तुळईवर आडव्या कड्या, कड्यांवर लाकडाच्या चिपा, त्यावर कडुलिंबाचा पाला आणि सगळ्यात वर वीतभर पांढरी माती चोपून बसवायची. झालं माळवद. उन्हाळ्यात त्यावर झोपता येतं, सांडगे वाळवता येतात आणि शेजारच्या अंगणात कोण आलं, कोण गेलं हेही दिसतं. दर साली मृगाच्या आधी बाया चार पाट्या नवी माती वर नेतात आणि धुपलेली जागा भरून काढतात. चारच पाट्या, जास्त नाही. कारण वर गेलेली माती आपल्या पायांनी खाली येत नाही, आणि तुळई कितीही दांडगी असली तरी शेवटी लाकूडच. हे तिथल्या पोरासोरांना ठाऊक असतं. साळूबाईलाही ठाऊक होतं.

नाथाजी थोरला आणि आप्पासो धाकटा, असे दोघे भाऊ. बापाच्या माघारी वाटणी झाली तेव्हा घराच्या मधोमध एक भिंत घातली. थोरल्याचा मोठवाटा म्हणून साळूबाईची बाजू हातभर रुंद निघाली. सासूनं जाताना आपली सोन्याची बोरमाळही थोरल्या सुनेच्याच गळ्यात घातली होती. म्हणजे बघायला गेलं तर साळूबाईचं पारडं जड होतं. पण भिंत खाली पडली तरी वर माळवद एकच राहिलं, आणि सासऱ्यानं त्याला उतार दिला होता साळूबाईच्या बाजूला. पन्हळी सगळ्या तिच्याच भिंतीला. त्यामुळं धाकट्या जावेच्या, अनसूयेच्या माळवदावर पडलेलं पाणी साळूबाईच्या माळवदावरून जाऊन बोळात पडायचं.

हे साळूबाईला सोसेना. हिचं पाणी माझ्या डोक्यावरनं का म्हणून, असं तिनं नवऱ्याला एकदा विचारलं, दोनदा विचारलं. नाथाजी सरळ माणूस. पाणी आभाळाचं, त्याची काय वाटणी करायची, एवढं म्हणून तो बैलांना वैरण टाकायला गेला. जगातले निम्मे तंटे असे बैलांना वैरण टाकायला जाणाऱ्या नवऱ्यांमुळं वाढलेले आहेत.

खरं म्हणजे पाणी हे निमित्त होतं. साळूबाईच्या पोटात दुखायचं ते अनसूयेलाच बघून. अनसूया रंगानं उजळ होती, तेही एक वेळ चालून गेलं असतं. पण तिचा नवरा पलटणीत होता. जर्मनाची लढाई सुरू झाल्यापासून तो एकदाच रजेवर येऊन गेला होता. कुठल्या मुलखात होता हे नीट कुणालाच माहीत नव्हतं, पण दर महिन्याला त्याची मनिऑर्डर यायची. पोस्टमन आख्ख्या बोळात अनसूयेच्या नावानं हाक मारायचा, आणि ती बाई अंगठा न लावता सही करायची. चार इयत्ता शिकलेली ना! मग बोळातल्या बाया आपापली पत्रं घेऊन तिच्याकडं वाचून घ्यायला यायच्या, आणि जाता जाता तिच्या भिंतीवरची खाकी कपड्यांतली आप्पासोची तसबीर बघून जायच्या. साळूबाईच्या दारावरून जायच्या पण आत वळायच्या नाहीत. साळूबाई उंबऱ्यात बसून शेंगा फोडत असायची आणि एकेक शेंग अशी फोडायची की ऐकणाऱ्याला कळावं.

वरताण म्हणजे पाऊस पडू लागला की भिंतीपलीकडून पितळी भांड्यांचा आवाज यायचा. टण, टण, टण. साळूबाईला वाटायचं, घे, बसली ही भांडी मांडून. मनिऑर्डरीच्या जिवावर पितळेची उतरंड झाली, ती आता वाजवून दाखवते. पावसाच्या दिवसात घरात बसून माणसानं भांडी मोजावीत याचा तिला असा काही संताप यायचा की तव्यावरची भाकरी करपायची.

तेव्हा एका साली मृगाआधी तिनं चारऐवजी पाच पाट्या माती वर नेली. आपली बाजू थोडी उंच झाली की जावेचं पाणी जावेकडंच राहील, एवढा साधा हिशोब. पुढच्या साली सात नेल्या. नाथाजी रानात गेला की ती पांढरीच्या टेकाडावरून माती आणायची आणि गुपचूप शिडीनं वर चढवायची. पहिल्याच पावसात बोळात उभी राहून तिनं आपल्या पन्हळीतलं पाणी कमी झालेलं बघितलं आणि तिला गोडाधोडाचं जेवल्यासारखं वाटलं. पण दुसऱ्या साली पाणी पुन्हा पहिल्यासारखं आलं. मग तिनं आणखी माती टाकली. तिसऱ्या साली पुन्हा तेच. का येतं हे तिला कळायचं नाही. माती धुपत असेल म्हणायची आणि पाट्या वाढवायची. आपलं माळवद मधल्या भिंतीपाशी कसं दिसतं हे बघायला कधी वाकावं, एवढी उसंत तिच्या जळफळाटाला नव्हती.

लढाईचं पाचवं साल सुरू होतं तेव्हा आश्विनात परतीचा पाऊस लागला. म्हसवडला तो कधी नाही असा तीन दिवस पडला. चौथ्या दिवशी उघडीप झाली म्हणून साळूबाई धुणं घेऊन माणगंगेला गेली, नाथाजी रानात गेला, आणि दुपारच्याला साळूबाईची तुळई मधल्या भिंतीतून निसटून खाली आली. तुळईमागं कड्या आल्या, कड्यांमागं चिपा आणि मग ती सगळी माती. साळूबाई ओल्या धुण्याची पाटी डोक्यावर घेऊन बोळात शिरली तर तिच्या घराच्या दारातून नुसती माती बाहेर आली होती. अनसूया आपल्या लहानग्या पोरीला काखेला मारून रस्त्यात उभी होती आणि आक्का आत न्हाईत ना, आक्का आत न्हाईत ना, असं दिसेल त्याला विचारत होती.

आक्काच्या मनात पहिल्यांदा काय आलं, ते सांगायला हवं. आपण वाचलो, हे नव्हे. चूल गाडली गेली, दाणे गाडले गेले, हेही नव्हे. तिनं भिंतीपलीकडं बघितलं. अनसूयेचं माळवद जागच्या जागी होतं. पाऊस एक, भिंत एक, सासरा एक, मग पडायचं ते माझंच का, हे तिच्या मनात आलं, आणि ती तिथंच मातीत बसून रडली. लोकांना वाटलं घरासाठी रडते.

आता जायचं कुठं? एकुलती लेक लोणंदला दिलेली, तिच्या सासरी जाऊन राहायचं म्हणजे शोभा. नाथाजी गोठ्यात झोपायला गेला, कारण धाकट्या भावजयीच्या घरात थोरल्या दिरानं पाऊल टाकायचं नाही ही रीत. अनसूया लग्न होऊन आल्यापासून त्याच्यासमोर कधी एक शब्द बोलली नव्हती. तो अंगणात आला की ती पदर पुढं ओढून पाठ करायची. साळूबाईला मात्र पर्याय नव्हता. ती आपली वळकटी घेऊन जावेच्या उंबऱ्याच्या आत गेली. उंबरा ओलांडताना तिनं मनाशी एकच गोष्ट धरली. आपलं छप्पर उभं करायचं, लवकरात लवकर करायचं आणि हिचा एक काडीचा उपकार न घेता करायचं.

अनसूयेनं तिला चुलीजवळची ऊबदार जागा दिली, आधी तिला वाढलं, मग आपण जेवली. साळूबाईला ते जास्तच लागलं. भांडली असती तर बरं झालं असतं. वाईट वागणाऱ्या जावेबरोबर राहता येतं, पण चांगल्या वागणाऱ्या जावेबरोबर राहणं म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

दोन दिवसांनी पुन्हा सर आली. अनसूयेनं फळीवरची पितळेची भांडी काढली आणि मधल्या भिंतीच्या कडेनं ओळीनं मांडली. तांब्या, पातेली, परात, होतं नव्हतं ते सगळं. भिंतीच्या माथ्यावरून पाणी ओघळत होतं आणि एकेका भांड्यात पडत होतं. टण, टण, टण. साळूबाई बघतच राहिली. इतकी वर्षं ती ज्या आवाजावर जळत होती तो हा होता. तिला आधी बरं वाटलं. मग आपल्याला बरं वाटलं याचं वाईट वाटलं, पण थोडंच. भांडी शेवटी पितळेचीच होती.

तिथंच भिंतीजवळ तुळईखाली एक लाकडी धिरा उभा केलेला होता. अनसूयेनं त्याला पोरीची झोळी बांधली होती आणि वर लुगडं वाळत टाकलं होतं. हा टेकू कशापायी, असं साळूबाईनं विचारलं. झोळीला आधार म्हणून, असं अनसूया म्हणाली आणि पोरीला पाजायला घेऊन पाठमोरी बसली.

तुळईचं कसं करायचं हा नाथाजीपुढं मोठा घोर होता. लढाईपायी चांगलं लाकूड सरकारकडं जात होतं, पत्रा बघायला मिळत नव्हता. अनसूयेनं आपल्या पोरीला सांगितल्यासारखं करून दिराच्या कानावर घातलं की तिच्या नवऱ्याचे पैसे पोस्टात पडून आहेत, ते घ्यावेत आणि घर उभं करावं. नाथाजीच्या चेहऱ्यावर उजेड पडला. साळूबाईला मात्र ते झोंबलं. म्हणजे रोज उठून जिच्या पैशाच्या तुळईकडं बघायचं, ती ही. तिनं तिथल्या तिथं गळ्यातली बोरमाळ काढली आणि नवऱ्याच्या हातात ठेवली.

ही बोरमाळ म्हणजे अनसूयेकडं नसलेली एकुलती एक गोष्ट होती. सणावाराला साळूबाई ती पदरावर काढायची, तेव्हा जावेची नजर तिच्यावर क्षणभर थांबायची, आणि तो क्षण साळूबाईला सणापेक्षा मोठा वाटायचा. ती आता गेली. पण कुणाच्या उपकाराखाली तर नाही ना आपण, असं म्हणून तिनं मोकळ्या गळ्यावर पदर ओढून घेतला.

साळूबाईचा भाऊ हरी सांगलीत हळदीच्या अडतीवर कामाला होता. तिकडं एका सावकाराचं घर पाडत होते. हरीनं बोरमाळ मोडून त्या घराची एक सागवानी तुळई मिळवली आणि बैलगाडीवर घालून पाठवून दिली. ती मजल दरमजल करत म्हसवडला पोचली तेव्हा बघायला निम्मं गाव लोटलं. काय तुळई होती ती! तेलपाणी प्यालेली, काळीभोर, कडेला कोरीव नक्षी. म्हसवडात असं लाकूड देवळात असलं तर असलं. म्हातारीकोतारी माणसं तिच्यावर हात फिरवून गेली. कित्येक वर्षांनी बोळातल्या बायांची पावलं साळूबाईच्या दाराकडं वळली. दार नव्हतं, ती गोष्ट वेगळी. साळूबाईनं तुळईला हळदकुंकू वाहिलं आणि ओवाळताना डोळ्याच्या कोपऱ्यातून अनसूयेकडं बघितलं. अनसूया तुळईकडंच बघत होती. साळूबाईनं जिवाचं रान केलं होतं त्याचं तिथं चीज झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रसूल गवंडी कामाला आला. म्हसवडातल्या अर्ध्याअधिक भिंती त्याच्या नाहीतर त्याच्या बापाच्या हातच्या. पडलेल्या मातीचा ढीग त्यानं पहिल्याच दिवशी बघितला होता आणि लय माती हाय, एवढंच बोलला होता. पिढ्यान् पिढ्या साठलेली, असं साळूबाईनं घाईघाईनं सांगितलं होतं. आता तो मधल्या भिंतीवर चढून तुळईच्या टोकासाठी जागा मोकळी करू लागला. थोडं खणलं आणि तो थांबला. त्याच भिंतीत पलीकडून अनसूयेच्या तुळईचं टोक आलेलं होतं. त्यानं त्यात बोट घातलं तर बोट आत गेलं. मूठभर भुसा निघाला.

मग तो माळवदावर गेला आणि अनसूयेच्या बाजूला कुदळ मारली. कोपरापर्यंत हात मातीत गेला तरी चिपा लागल्या नाहीत. दोन्हीकडं माती उंच आणि मधे भिंतीच्या माथ्यावर चांगली घळ पडलेली. त्या घळीत पाणी तुंबून होतं. रसूल खाली उतरला आणि पहिल्यांदा अनसूयेला पोरीला घेऊन बाहेर यायला सांगितलं. गल्लीतून चार जणांना बोलावून, गाड्यांचे दांडे मागून आणून आत आणखी चार धिरे उभे केले. मग नाथाजीकडं वळला.

"दादा, ह्या बाजूचं टोक बी कुजलंय," तो म्हणाला. "समदं एका धिऱ्यावर उभं हुतं. आज तुळई बदलली तर ऱ्हाईल. एक सर आली तर ह्ये बी येतंय, आन् येताना मदली भिंत घिऊन येतंय. मग वैनींची तुळई टेकायची कशावर?"

नाथाजी सुन्न झाला. इतकी माती वर गेली कशी, असं त्यानं रसूलला विचारलं. रसूल कुदळीची माती निपटू लागला. गल्लीतली माणसं शिडीकडं बघू लागली. साळूबाईला वाटलं धरणी दुभंगेल तर बरं. आता रसूल सांगणार, नाहीतर कुणी शेजारीण सांगणार, की नाथाजी रानात गेला की ही बाई शिडीवर चढायची. तिनं डोळे मिटून घेतले. तेवढ्यात एक आवाज आला, आणि तो कुणाचा हे नाथाजीला कळायलाही वेळ लागला, कारण त्यानं तो समोरासमोर कधी ऐकलाच नव्हता.

"मी टाकली," अनसूया म्हणाली. तिचा पदर पुढं होता, मान खाली होती, पण दिरासमोर ती बोलत होती. "आक्का त्यांच्या बाजूला टाकायच्या. मग पाणी माज्याकडं तुंबायचं, म्हणून मी टाकायची. माजी उंच झाली की त्या टाकायच्या. दोगींनी टाकली."

साळूबाईनं डोळे उघडले. तिला लाज वाटली का? वाटली, भर गल्लीत कुणाला नाही वाटणार. पण त्या लाजेच्या खाली तिला जे वाटलं ते वेगळंच होतं. दर साली पन्हळीत पाणी परत का येत होतं, ते आता कळलं होतं. गाव जिला गाय म्हणत होतं, जिनं ऊबदार जागा दिली आणि आधी वाढलं, ती ही बाई वर्षानुवर्षं आपल्यासारखीच पदर खोचून शिडीवर चढत होती. साळूबाईला तिचा इतका राग आला, आणि त्या रागात इतकं हलकं वाटलं, की तिचं तिलाच नवल वाटलं.

"तुला काय कमी हुतं गं?" तिनं विचारलं. "मनिआर्डर येती. सई करतीस. समदा गाव तुज्या दारात. तू कशापायी माज्यावर माती टाकलीस?"

अनसूयेनं मान वर केली. "तुमची खोली हातभर मोठी," ती म्हणाली. "आत्याबाईंची बोरमाळ तुमच्या गळ्यात. ती बी सोडा, आक्का. तुमचा मानूस रोज दिवस मावळला की घरी येतो. भिंतीपल्याड त्यांचा खाकरल्याचा आवाज येतो, तुमी भाकरी थापल्याचा आवाज येतो. मी ऐकत बसती. मला सई करायला येती, आन् दर म्हैन्याला वाटतं, ह्या खेपेला मनिआर्डर न्हाई, दुसरंच कायतरी आलं आसंल."

नाथाजी उगाच खाकरणार होता, तो घसा आवरून उभा राहिला. साळूबाईनं त्याच्याकडं बघितलं. वैरण टाकायला जाणारा, प्रश्नाला धड उत्तर न देणारा, जेवताना मिटक्या मारणारा हा माणूस. त्याच्यावरून कुणाला आपला हेवा वाटेल, हे तिच्या सात जन्मांत मनात आलं नसतं. तिला एकदम त्याचा मोठा अभिमान वाटला, आणि लगोलग भीतीही वाटली.

पण पाऊस माणसांच्या बोलण्यासाठी थांबत नाही. दक्षिणेकडं आभाळ काळं होऊ लागलं होतं. रसूलनं दोरी लावून सागवानी तुळई मापली, मग अनसूयेची खोली मापली. तुळई हातभर लांब भरली. नाथाजीनं विचारलं, तशीच बाहेर काढून ठेवली तर? बाहेर राहिलेलं टोक पावसानं कुजत आत येईल, कापावीच लागेल, असं रसूल म्हणाला. आणि एकदा कापली की ती साळूबाईच्या बाजूला कधीच पुरणार नाही, हे सांगायची गरज नव्हती. अनसूयेनं पोस्टातल्या पैशांचा विषय पुन्हा काढला, दुसरी तुळई आणू म्हणाली. पण दुसरी तुळई कुठं होती? सांगलीला घरं काही रोज पडत नाहीत.

नाथाजी बायकोकडं वळला. आजवर घरातला कुठलाच निर्णय त्यानं तिला विचारून घेतला नव्हता. "बोरमाळ तुजी हुती," तो म्हणाला. "तू सांग."

साळूबाई तुळईजवळ गेली. तिच्यावरचं कालचं हळदकुंकू अजून तसंच होतं. ही तुळई आपल्या छपराला गेली असती तर गाव बघायला आलं असतं. आता ती जावेच्या छपराला जाणार, आणि गाव येणार ते जावेच्याच घरी. पत्रं वाचून घ्यायला येणाऱ्या बाया मान वर करून नक्षी बघणार आणि अनसूयेचं घर काय सुरेख म्हणणार. ही बोरमाळ माझी होती, हे प्रत्येकीला कोण सांगत बसणार? ते सगळं तिला दिसलं. नाही म्हणावं असं अगदी ओठांवर आलं. भिंत पडली तर पडू दे, दोघींची पडेल, बरोबरी तरी होईल. हे खरोखर तिच्या मनात आलं होतं, आणि ती ते बोललीही असती. पण अनसूयेच्या काखेतली पोरगी तेवढ्यात जांभई देऊन आईच्या खांद्यावर झोपून गेली. तिची झोळी अजून आतल्या त्या धिऱ्यालाच बांधलेली होती.

"काप," साळूबाई म्हणाली.

रसूलनं करवत लावली. साळूबाईला बघवेना म्हणून तिनं तोंड फिरवलं. तिकडं अनसूया रडत होती. उजळ चेहरा लाल झालेला, पापण्या ओल्या, आणि बोळातल्या चार बाया तिच्या भोवती जमून तिची पाठ थोपटत होत्या. तुळई माझी कापली आणि डोळे हिचे पुसताहेत, साळूबाईच्या मनात आलं. मेलीला रडणंसुद्धा शोभतं.

तुळई चढवायच्या आधी वरची माती उतरवायला हवी होती. पुरुष धिरे धरून आत उभे राहिले. अनसूयेनं पोरीला एका शेजारणीच्या मांडीवर दिलं, पदर खोचला आणि शिडी चढली. तिच्या मागोमाग साळूबाई चढली. त्या माळवदावर दोघी एकाच वेळी पहिल्यांदाच उभ्या राहिल्या होत्या. दोघी रसूलनं सांगितलेल्या जागेवर पाय ठेवून खोऱ्यानं माती ओढू लागल्या. पाट्या भरल्या.

ओल्या मातीची भरलेली पाटी एकट्या बाईला आपल्या डोक्यावर घेता येत नाही. दुसऱ्या कुणीतरी पलीकडून हात लावावा लागतो. इतकी वर्षं दोघींनी चोरून माती वाहिली ती अर्ध्या अर्ध्या पाट्यांनी, कुणाला हाक न मारता, मानेला कळ लागेपर्यंत. आता आभाळ अंगावर येत होतं आणि अर्ध्या पाट्यांनी भागणार नव्हतं. साळूबाई आपल्या भरल्या पाटीपाशी उभी राहिली, अनसूया आपल्या.

"अनसे," साळूबाई म्हणाली, "हात लाव."

अनसूयेनं हात लावला. पाटी साळूबाईच्या डोक्यावर गेली. मग साळूबाईनं एका हातानं आपली पाटी सावरत दुसरा हात अनसूयेच्या पाटीला लावला. लावता लावता तिला दिसलं की जावेची पाटी आपल्यापेक्षा चांगली दोन ओंजळी जास्त भरली आहे. पुढच्या खेपेला साळूबाईनं आपली पाटी शिगोशीग भरून घेतली.

पहिला थेंब पडायच्या आत ते माळवद रिकामं झालं होतं.